बावीस पिल्लांचा एकच पत्ता

एका जंगलात एक शाळा होती, मुलांनो. जंगलात शाळा कशाला, असं विचारायला लगेच हात वर करू नका. तुमच्या गावात शाळा कशाला आहे, हे तुम्ही कधी विचारलंत का? नाही ना? मग गप्प बसा आणि ऐका.

शाळा भरायची माळाच्या कडेला, एका जुन्या करंजाखाली. वर्ग चार, शिक्षक चार आणि वर एक हेडसर. हेडसर म्हणजे रानगवा. तरुणपणी त्यांनी म्हणे वाघाला शिंगावर घेतलं होतं. पण आता वरच्या कार्यालयातून एखादा कागद आला की त्यांचे चारही गुडघे लटपटायचे. वाघाला जावक क्रमांक नसतो, कागदाला असतो.

तिसरीचा वर्ग होता टिटवीबाईंकडं. टिटवी तुम्ही पाहिली नसणार, तुम्ही कुठं माळावर जाता. लांब पिवळे पाय, डोळ्यापुढं लाल कातडीचा ठिपका आणि आवाज असा, की मेलेलं उठून बसावं. टिटवीबद्दल लोक काय वाट्टेल ते बोलतात. म्हणे ती पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर झेलता यावं म्हणून. म्हणे ती ओरडली की कोणाचं तरी मरण जवळ आलं. आता मरण येताना दिसतं म्हणून ती ओरडते, एवढी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात शिरत नाही. ओरडणारीला अपशकुनी म्हटलं की आपल्याला जागचं हलावं लागत नाही.

बाईंच्या वर्गात बावीस पिल्लं होती. सशांची, लाव्यांची, उंदरांची, साळिंदरांची आणि एक भेकराचं. सगळी दातानखांनी दुबळी, पळण्यावर आणि लपण्यावर जगणारी. बाईंना ती बावीसच्या बावीस पावसाळ्यापर्यंत जिवंत हवी होती. तिसरीच्या शिक्षकानं एवढी इच्छा ठेवावी म्हणजे फारच झालं, असं चौथीचे होलागुरुजी म्हणायचे.

तर या शाळेला वनराजांच्या दरबारातून टॅब आले. प्रत्येक पिल्लाला एक. ते आल्या दिवशीच हेडसरांनी कपाटात ठेवले आणि किल्ली गळ्यात अडकवली. "फुटला तर जबाबदार कोण?" असं ते म्हणाले. जबाबदार कोण याचं उत्तर मिळेना, म्हणून टॅब वर्षभर कपाटातच राहिले. दसऱ्याला तेवढं कपाट उघडून त्यांना झेंडूची फुलं वाहायची, हळदकुंकू लावायचं आणि पुन्हा कुलूप. त्या काळात टॅबपासून जंगलात कोणालाही काडीचा धोका नव्हता, हे मान्य करायला हवं.

मग कुठल्याशा दुसऱ्या जंगलात एक प्रकार घडला. एका पाडसाला कोणीतरी टॅबवर लिहिलं, 'मी तुझी आई, नदीवर ये.' पाडस गेलं. आई नव्हती तिथं, दुसरंच कोणी होतं. त्यावर दरबारात तीन दिवस शोक आणि चौथ्या दिवशी बैठक झाली. बैल गेल्यावर झोपा करायची आपली पद्धत जंगलातही आहे. हुकूम निघाला की सर्व शाळांनी 'सुरक्षित व जबाबदार तंत्रज्ञान वापर पंधरवडा' साजरा करावा. साजरा करावा, असंच लिहिलं होतं.

हुकूम ऐकून टिटवीबाई मनापासून हरखल्या. बिचाऱ्या. त्यांना वाटलं, आता हे शिकवायचं आहे, आणि हे तर आपल्याला येतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी वर्ग माळावर नेला. माळ म्हणजे नुसते खडे, गोटे आणि वाळलं गवत. बाई म्हणाल्या, "माझी चार अंडी या माळावर आहेत. शोधा बघू."

पिल्लं पांगली. नाकं जमिनीला लावून हुंगली. सशाची शेवरी तर अंड्यांपासून दोन उड्यांवर उभी होती. तिला खडे दिसले, अंडी दिसली नाहीत.

तेवढ्यात पलीकडच्या बाभळीखालून बाईंनी अशी काही बोंब ठोकली की सगळी पिल्लं तिकडं धावली. बाई तिथं एक पंख मातीत ओढत लंगडत होत्या. पिल्लं जवळ आली की बाई आणखी थोड्या पुढं लंगडायच्या. असं करत करत त्यांनी बावीस जणांना पार ओढ्यापर्यंत नेलं. मग पंख झटकून सरळ उभ्या राहिल्या.

"पाय बरा झाला?" भेकराच्या पोरानं विचारलं.

"मोडला कुठं होता?" बाई म्हणाल्या. "नीट ऐका. टिटवी जिथं ओरडते, तिथं तिची अंडी नसतात. जिथं अंडी असतात, तिथं ती गप्प असते. आमच्या घराण्यात हे अंड्यातून बाहेर आल्या दिवशी शिकवतात. टॅब म्हणजे एक मोठी बोंब आहे. तिच्यावर जे टाकाल ते रानभर जाणार. म्हणून टाकायच्या आधी स्वतःला विचारायचं, ही बोंब मी कुठं उभं राहून मारतोय?"

"आणि कोणी विचारलं तर?" शेवरी म्हणाली. "गोड बोलून विचारलं तर? मी तुझी मावशी, असं म्हणालं तर?"

"मावशीला तुझं बीळ ठाऊक असतं. जिला ठाऊक नाही, ती मावशी नव्हे."

हे सगळं एका सकाळीत झालं. कपाटाची किल्लीसुद्धा लागली नाही. पंधरवडा इथंच संपायला हरकत नव्हती. पण मुलांनो, पोरांना कळलं म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्याला नोकरी काय असते ते समजलेलंच नाही. काम झालं याचा पुरावा वर गेला पाहिजे. पोरांना नाही कळलं तरी तो जातो, हे आणखी सोयीचं.

पुरावा मागायला आले केंद्रप्रमुख हुप्पेसाहेब. जातीनं वानर. राहणं जंगलातल्या सर्वांत उंच सागाच्या शेंड्यावर. त्यांचा पत्ता अख्ख्या रानाला पाठ असला तरी त्यांचं शेपूटही वाकडं होणार नाही, अशी जागा. उंटावरून शेळ्या हाकणारे तुम्ही ऐकले असतील, साहेब सागावरून ससे हाकायचे. दिवसातून चौदा वेळा शिक्षकांच्या ग्रुपवर त्यांचा निरोप यायचा. 'अतितातडीचे'. त्याच्या खालचा निरोप 'वरील निरोप रद्द'. आणि तिसरा 'रद्द केलेला निरोप न पाळणाऱ्यांनी खुलासा द्यावा'.

हेडसरांनी साहेबांना पोहे दिले, चहा दिला, आपली खुर्ची दिली. साहेब खुर्चीत बसले नाहीत, खुर्चीच्या पाठीवर बसले. सवय.

"दरबारानं एक पान काढलंय," साहेब म्हणाले. "'माझं घर, सुरक्षित घर'. प्रत्येक पाल्यानं आपल्या घराच्या दारात उभं राहून सुरक्षिततेची शपथ घ्यायची. त्याचा फोटो पानावर चढवायचा. खाली रकाने आहेत, ते शिक्षकांनी भरायचे. सोपं आहे."

टिटवीबाईंनी रकाने वाचले. पाल्याचं नाव. इयत्ता. बीळ अथवा घरटं नेमकं कुठं. आत शिरायची वाट कोणत्या बाजूनं. आणि शेवटचा रकाना, पालक घरी नसण्याची वेळ.

"हा शेवटचा कशाला, साहेब?" बाईंनी विचारलं.

"पालक घरी नसताना पाल्य टॅब कसा वापरतं, त्यावर दरबार अभ्यास करणार आहे."

"आणि हे पान कोणाकोणाला दिसतं?"

"सगळ्यांना," साहेब अभिमानानं म्हणाले. "पारदर्शक कारभार आहे. फक्त पालक म्हणून नोंद करायची. 'आपण पालक आहात का?' असं विचारतं. 'होय'वर बोट ठेवलं की झालं."

"कोणाचे पालक, ते विचारत नाही?"

"बाई, तुम्ही फार शंका काढता बघा," हुप्पेसाहेब म्हणाले. मग हेडसरांकडं वळून हसले. "आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारी जात ही."

हेडसरही हसले. साहेब हसल्यावर हसायचं असतं, एवढं त्यांना चोवीस वर्षांच्या नोकरीत पक्कं झालं होतं.

साहेब गेल्यावर टिटवीबाई हेडसरांपुढं उभ्या राहिल्या.

"सर, हे मी भरणार नाही. पोरांचे पत्ते आहेत हे. ते कोणाला ठाऊक नाहीत, म्हणून ती जगतात."

"बाई, रकाना आहे," हेडसर कळवळून म्हणाले. "रकाना म्हटल्यावर तो भरावा लागतो. रिकामा राहिला तर तो वरती लाल दिसतो. मागच्या वर्षी आपला एक लाल दिसला होता, मला आठ दिवस चारा गोड लागला नाही."

"आणि पोर खाल्लं कोणी तर?"

हेडसरांनी बराच विचार केला. चांगला जीव होता हो तो, वाईट नव्हता. पण विचार करून ते म्हणाले, "त्याचा रकाना नाहीये."

चौथीच्या होलागुरुजींनी मात्र त्याच दिवशी काम पुरं केलं. होला म्हणजे कसा, मान डोलावणारा पक्षी. हो म्हणायला त्याला तोंडसुद्धा उघडावं लागत नाही. एकोणीस पोरं, एकोणीस फोटो, एकोणीस शपथा. 'मी माझी खासगी माहिती अनोळखी व्यक्तीस देणार नाही,' असं एकेक पोर आपल्या दारात उभं राहून पंजा पुढं करून म्हणालं. आणि खाली गुरुजींनी सुवाच्य भरलं, 'करवंदीची तिसरी जाळी. पूर्वेकडून शिरावे. पालक सकाळी चरावयास जातात.' ग्रुपवर हुप्पेसाहेबांनी गुरुजींना अकरा फुलं पाठवली आणि 'इतरांनी आदर्श घ्यावा' असं लिहिलं.

आता एक गुपित सांगतो. सरकारी पान जंगलात कोणी वाचत नाही. ज्यांनी काढलं ते वाचत नाहीत, जे भरतात ते वाचत नाहीत, ज्यांच्यासाठी काढलं त्यांना वाचता येत नाही. पण या पानाला एक वाचक मिळाला. मन लावून वाचणारा, ओळीवर नख ठेवून वाचणारा. तो म्हणजे रानमांजर. 'आपण पालक आहात का?' असं पानानं विचारलं तेव्हा त्यानं 'होय' केलं. त्यात खोटं काय होतं? पोरांची इतकी आस्था जंगलात दुसऱ्या कोणाला होती?

तिसऱ्या दिवशी करवंदीच्या तिसऱ्या जाळीतली तितराची चारही पोरं गेली. पूर्वेकडून शिरल्याच्या खुणा होत्या.

टिटवीबाईंनी ते ठसे पाहिले. मऊ गादीचे, नखं आत ओढलेले. त्या उडत उडत शाळेत आल्या आणि ओरडल्या. खूप ओरडल्या. तितरीण तिथं आली होती. नुसती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. ते पाहवत नव्हतं, खरंच सांगतो. आजूबाजूला जमलेली मंडळी आपसात म्हणाली, "कालपासूनच ओरडतेय ही. तेव्हाच वाटलं होतं, काहीतरी होणार."

हुप्पेसाहेबांना कळवलं. साहेबांनी सागावरूनच उत्तर दिलं की योगायोगावरून घाईनं निष्कर्ष काढू नये. सदर चार पाल्यांची नोंद 'सतत गैरहजर' या रकान्यात घ्यावी. तो रकाना होता. शिवाय त्यांनी एक आनंदाची बातमी दिली. पान दोन दिवसांत सदतीस वेळा पाहिलं गेलं होतं. "रान जागं होतंय," साहेबांनी लिहिलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं हे ठीक, पण इथं आंधळं कुत्र्याच्या फेऱ्या मोजून टाळ्या वाजवत होतं.

पुढच्या दोन दिवसांत चौथीची आणखी पाच पोरं 'सतत गैरहजर' झाली. आणि टिटवीबाईंना नोटीस आली. तिसरीचे बावीसच्या बावीस रकाने लाल दिसतात. उद्यापर्यंत न भरल्यास वर्ग काढून घेऊन होलागुरुजींकडं देण्यात येईल आणि ते भरतील.

बाईंनी नोटीस वाचली. निरोपाचा राग त्यांना नेहमीच यायचा, पण आज त्यांनी नोटीस पुन्हा एकदा वाचली. आपण नाही म्हणून बसलो तर काय होणार, हे समोर लिहिलेलं होतं. होलागुरुजी ते सुवाच्य अक्षरात भरणार.

त्या दिवशी त्या घरी लवकर गेल्या. यजमान अंड्यांवर बसले होते. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. ते कमी बोलणारे गृहस्थ. एक अंडं चोचीनं फिरवत म्हणाले, "तुझी आई अशा वेळी काय करायची?"

"लंगडायची," बाई म्हणाल्या. आणि बोलता बोलता थांबल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हेडसरांकडं गेल्या. "सर, कपाटाची किल्ली द्या. भरते रकाने."

हेडसरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गळ्यातली किल्ली काढून दिली, वर एक टॅब स्वतः पुसून दिला.

बाईंनी वर्ग नेला ओढ्यापलीकडं, काळ्या कड्याखाली. तिथं एक खोल कपार आहे. आणि कपारीच्या वर, सुपाएवढं, आग्या मोहोळ लटकलेलं.

"इथं कोणी शिंकायचं नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. टिटवीचा हळू आवाज त्या पोरांनी पहिल्यांदा ऐकला. "माश्यांना कोणी डिवचलं नाही तर त्या कोणाच्या वाटेला जात नाहीत. एकेकानं लांबूनच कपारीपुढं उभं राहायचं, शपथ म्हणायची, मागं यायचं."

शेवरीचे कान उभे राहिले. "पण बाई, हे आमचं घर नाहीये. हे खोटं झालं ना?"

"झालं."

"मग?"

"मी लंगडते तेव्हा पाय मोडलेला असतो का गं?"

शेवरीनं डोकं खाजवलं. "नसतो. पण ते तुम्ही आमच्याशी खेळ म्हणून केलं होतं."

"तुमच्याशी खेळ म्हणून केलं. बाकी वेळी जिवावर उदार होऊन करते," बाई म्हणाल्या. "ज्याला तुझं घर कळण्याचा हक्क आहे, त्याच्याशी खोटं बोलशील तर कान उपटीन. हा विचारणारा तो नव्हे. जा, उभी राहा."

बावीस फोटो झाले. बाईंनी बावीस वेळा एकच पत्ता भरला. काळा कडा, खालची कपार. वाट समोरून, हात आत घालावा लागतो. पालक घरी नसण्याची वेळ, दुपारभर. सगळे लाल रकाने हिरवे झाले. त्यात बावीस बिऱ्हाडं एका कपारीत कशी, साळिंदर आणि लावा एका घरात कसे, हे हुप्पेसाहेबांच्या नजरेला आलं नाही. नजर हिरव्यावर होती. बाईंना पाच फुलं आली. उशीर झाल्यामुळं सहा कापली असावीत.

दुपारी रानमांजर कड्याखाली गेलं. पत्ता वाचत वाचत गेलं. बावीस पोरं एका जागी, पालक नाहीत, वाट समोरून. इतकी नीट भरलेली माहिती त्याच्या वाचनात आजवर आली नव्हती. त्यानं उडी घेऊन कपारीत हात घातला, आणि उडी घेताना पाठ मोहोळाला लागली.

पुढचं सांगत नाही. तुम्ही लहान आहात, तुम्हाला फार आनंद होईल.

इथं गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पिल्लं वाचली, मांजर सुजलं, बाईंना पाच फुलं. पण मुलांनो, ही गोष्ट शाळेची आहे.

मांजर चार दिवस करवंदीत पडून होतं. नाक भोपळ्यासारखं, एक डोळा बंद. पाचव्या दिवशी त्यानं दरबारात तक्रार केली. 'मी एक जागरूक पालक असून शासनाच्या पानावर विश्वास ठेवून दिलेल्या पत्त्यावर गेलो असता सदर पत्ता खोटा निघाला. माझी दिशाभूल झाली. अशा बेजबाबदार शिक्षकांमुळं तंत्रज्ञानावरचा रयतेचा विश्वास उडेल.'

तक्रारीला आवक क्रमांक पडला. तितरिणीच्या तक्रारीला पडला नव्हता, कारण ती तोंडी होती.

चौकशी समिती आली. हुप्पेसाहेब अध्यक्ष, होलागुरुजी सदस्य, तक्रारदार म्हणून मांजर. बाईंना बोलावलं.

"पत्ता खोटा दिलात?" साहेबांनी विचारलं.

"दिला."

"का दिलात?"

"हा तिथं जाईल म्हणून," बाई मांजराकडं चोच करून म्हणाल्या. "आणि गेला. साहेब, तुम्ही त्याला एवढंच विचारा, तो कोणाचा पालक आहे आणि बावीस पोरांच्या घरी दुपारी कशाला गेला होता?"

हेडसरांनी मान वर केली. त्यांना एकदम काहीतरी उमगल्यासारखं झालं होतं. तरुणपणी वाघ दिसल्यावर व्हायचं तसं. मग त्यांनी साहेबांच्या पुढ्यातला कागद पाहिला आणि मान पुन्हा खाली घातली.

"तक्रारदाराच्या खासगी बाबींत शिरता येणार नाही," हुप्पेसाहेब म्हणाले. "खासगीपणा जपा, असंच तर आपण या पंधरवड्यात शिकवलं ना, बाई?"

मांजरानं सुजल्या नाकानं मान हलवली.

मग समितीनं ठरवलं की खरे पत्ते आता पोरांकडूनच घ्यायचे. शेवरीला पुढं बोलावलं. साहेब गोड आवाजात म्हणाले, "बाळ, तुझं घर कुठं आहे? दाखव बघू आम्हाला."

शेवरीनं बाईंकडं पाहिलं. बाई आभाळाकडं पाहत होत्या. शेवरीनं समितीतल्या एकेकाकडं पाहिलं, मांजरावर तिची नजर जरा रेंगाळली. आणि मग ती उजवा पाय ओढत लंगडत निघाली.

समिती तिच्या मागं. शेवरी बाभळीपर्यंत गेली, तिथून ओढ्यापर्यंत, तिथून काळ्या कड्याच्या बाजूला वळली. कडा दिसताच मांजर जे फिरलं ते पुन्हा समितीत दिसलं नाही. पळत्या मांजरावरची नजर काढून पुढं पाहतात तो शेवरी गायब. मग भेकराचं पोर आलं, तेही लंगडत. मग लाव्याचं. त्या दिवशी तिसरीतलं एकेक पोर लंगडलं आणि प्रत्येकानं समितीला रानाचा वेगळा कोपरा दाखवला. संध्याकाळी खरोखर लंगडत होते ते फक्त हुप्पेसाहेब. त्यांना जमिनीवर चालायची सवय नव्हती.

अहवाल लिहिला गेला. 'इयत्ता तिसरीतील एकाही विद्यार्थ्यास स्वतःचे घर सांगता येत नाही. वर्गाची सुरक्षितता शून्य टक्के. सबब शिक्षिका टिटवी यांस निलंबित करण्यात येत असून, निलंबनकाळात त्यांनी आपले मुख्यालय सोडू नये व ते नेमके कुठे आहे, हे त्वरित कळवावे.'

पंधरवड्याचा समारोप थाटात झाला. पहिलं बक्षीस इयत्ता चौथीला मिळालं. शंभर टक्के माहिती, तीही खरी. बक्षीस घ्यायला होलागुरुजी एकटेच आले, कारण वर्गातल्या दहा जणांना आयांनी घरी बसवलं होतं आणि नऊ जण सतत गैरहजर होते. पान सर्वाधिक वेळा पाहिल्याबद्दल 'जागरूक पालक' म्हणून रानमांजराला शाल आणि श्रीफळ दिलं. त्यानं चार शब्द सांगितले. "पोरांच्या माहितीत कुठंही त्रुटी राहता कामा नये," असं ते म्हणालं. हेडसरांनी आभार मानले. घरी जाऊन त्यांनी म्हणे त्या दिवशी चारा खाल्ला नाही.

तिसरीचं कोणीच समारोपाला आलं नव्हतं.

टिटवीबाईंनी मुख्यालय कळवलं. रोज सकाळी त्या बाभळीवर बसून सगळ्या रानाला ऐकू जाईल अशा आवाजात कळवतात. कार्यालयाचा शिपाई रोज बाभळीखाली जातो, खडे पाहतो आणि परत येतो. मध्यंतरी त्यांची चारही अंडी फुटली, चार पिल्लं बाहेर आली, आणि बाहेर आल्या दिवशीच त्यांना जे शिकवायचं ते शिकवून झालं. आता त्यांचा वर्ग सव्वीसांचा आहे. तो अजून भरतो, रोज भरतो, बावीसातलं एकही कमी झालेलं नाही.

कुठं भरतो म्हणता? आत्तापर्यंत मी तुम्हाला सगळं सांगितलं, पण तेवढं सांगणार नाही. तुम्ही पोरं आहात असं तुम्ही म्हणता. मी तुम्हाला पाहिलंय कुठं?

तात्पर्य : रकाना कधी रिकामा सोडू नये आणि त्यात माहिती कधी खोटी भरू नये. पिल्लं काय, पुढच्या हंगामात पुन्हा होतात. पंधरवडा वर्षातून एकदाच येतो.